सारखा बंद पडणारा संगणक : आत्याचे कानमंत्र

बाळा, रेंडर चालू असताना तुझा संगणक मान टाकतो, कधी स्क्रीन काळी पडते, कधी निळी पाटी येते, आणि तू चिडून पुन्हा बटण दाबतोस, हे तुझ्या आईकडून कळलं. नागपुरात, वरच्या मजल्याच्या खोलीत, मे महिन्यात असं होण्यात नवल नाही. अशा वेळी आधी दोघांवर संशय घ्यायचा : ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आणि उष्णता. हे दोघं एकमेकांच्या आड लपतात. त्यांना वेगळं ओळखता आलं की निम्मं काम झालं. एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

१. कशालाही हात लावण्याआधी तुझं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेव – संगणक दुरुस्त होतो, गेलेली फाइल परत येईलच असं नाही.

२. एक वही कर आणि बंद पडला की तिथल्या तिथे लिही : तारीख, वेळ, काय चालू होतं, किती वेळ चालू होतं, खोलीत कूलर लावला होता का – चार-पाच नोंदी झाल्या की दुखणं आपणहून बोलायला लागतं. ज्याची नोंद नाही, त्याचा दोष शेजाऱ्याच्या माथी.

३. एका वेळी एकच बदल कर आणि मग दोन-तीन दिवस नेहमीसारखं वापर – ड्रायव्हर बदलला, धूळ झाडली आणि रॅमही हलवली, सगळं एकाच रविवारी, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

४. बंद कसा पडतो ते नीट बघ. निळी पाटी न दाखवता तडक बंद झाला तर उष्णता किंवा पॉवर सप्लाय – मर्यादा ओलांडली की यंत्र स्वतःच वीज तोडतं. स्क्रीन काळी झाली पण गाणं चालूच राहिलं, तर ग्राफिक्सच्या बाजूला शोध.

५. कधी बंद पडतो तेही बघ. दुपारी, जड काम सुरू होऊन वीसेक मिनिटं झाल्यावर पडत असेल तर उष्णता – तिला चढायला वेळ लागतो. सकाळच्या गारव्यात साधा व्हिडिओ बघतानाही पडत असेल, झोपेतून उठवताना पडत असेल, किंवा अपडेट झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं असेल, तर ड्रायव्हर – ड्रायव्हरला ऊन-सावली नसते.

६. विंडोज सुरू होण्याच्याही आधी, बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह दिसतं त्याच वेळी रंगीत चौकटी किंवा आडव्या रेघा दिसल्या, तर विंडोजमधल्या ड्रायव्हरला सोडून दे – तो तेव्हा कामावर आलेलाच नसतो. आधी केबल आणि मॉनिटर बदलून बघ, मग कार्डाकडे वळ.

७. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप कर, तारखेवार इतिहासाचं पान उघडेल – लाल फुल्या कुठल्या दिवसापासून सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बसवलं गेलं, हे तिथे शेजारी शेजारी दिसतं. तुझ्या वहीतल्या तारखा त्याच्याशी ताडून बघ.

८. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद दिसली म्हणून पॉवर सप्लाय विकत आणायला धावू नकोस – ती फक्त एवढंच सांगते की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ४१०१ मात्र कामाची : डिस्प्ले ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि तो सावरला, असा तिचा अर्थ.

आता या ‘उत्तर देणं थांबवलं’ची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळा गैरसमज इथेच होतो. व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारा आहे. कार्डाला दिलेलं काम साधारण दोन सेकंदांत पुढे सरकलं नाही, तर विंडोज ड्रायव्हरला आणि कार्डाला नव्याने सुरू करून बघतं. जमलं तर स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. नाही जमलं तर ११६ क्रमांकाची पाटी येते, ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ नावाची. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ती पाटी निळीऐवजी काळी होत गेली, एवढाच फरक.

९. त्या पाटीवर ड्रायव्हरच्या फाइलचं नाव आलं म्हणून गुन्हेगार सापडला असं धरू नकोस. एनव्हिडियाच्या फाइलचं नाव ‘एनव्ही’ने सुरू होतं, इंटेलच्या फाइलचं ‘आयजीडी’ने, एएमडीच्या फाइलच्या नावात ‘केएमडी’ किंवा ‘एटीआय’ असतं – पण कार्ड तापून गप्प बसलं, त्याला वीज कमी पडली, किंवा खरंच ड्रायव्हर चुकला, तिन्ही वेळा पाटीवर तेच नाव येतं.

१०. ती दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत वाढवायचा सल्ला कुणी दिला तर आधी विचार, कशासाठी. थ्रीडी सॉफ्टवेअरचे निर्माते लांबच्या गणितांसाठी स्वतः सांगत असतील तर ठीक, एरवी नको – मुदत वाढवल्याने दुखणं बरं होत नाही, ते फक्त उशिरा दिसतं.

११. स्क्रीन गोठली की लगेच बटण दाबून धरू नकोस. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघ – त्याने फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि कित्येकदा न साठवलेलं काम वाचतं.

१२. आणि रोज ‘शट डाउन’ करतो म्हणजे यंत्र ताजंतवानं होतं, असं समजू नकोस; ड्रायव्हर बदलल्यावर ‘रिस्टार्ट’च दे – फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते, आणि सकाळी तीच उचलली जाते.

आता ड्रायव्हर. याला क्षुल्लक समजू नकोस. व्हिस्टावरून अमेरिकेत खटला झाला, तेव्हा २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची आतली कागदपत्रं बाहेर आली. २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांशी जोडलेले होते. तेव्हा विंडोजने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच नव्याने घातली होती आणि सगळ्यांचेच ड्रायव्हर कच्चे होते. आज परिस्थिती खूप सुधारली आहे, पण ड्रायव्हर अजूनही विंडोजच्या अगदी गाभ्याजवळ चालतो, त्यामुळे तो अडखळला की सगळं घर हलतं.

१३. नीट चालणारा ड्रायव्हर विनाकारण बदलू नकोस. नवा खेळ, नवं सॉफ्टवेअर किंवा सुरक्षेची दुरुस्ती असेल तेव्हाच बदल, आणि सबमिशनच्या आठवड्यात तर मुळीच नको. घाईचा अपडेट, रात्रीचं जागरण.

१४. ड्रायव्हर कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घे; ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ असं ओरडणारी साधनं नकोत – ती भलत्याच आवृत्त्या बसवतात आणि सोबत आणखी काही घेऊन येतात. लॅपटॉप असेल तर आधी त्याच्याच कंपनीची आवृत्ती – पंख्याची आणि विजेची मांडणी तिने त्या यंत्रासाठी जुळवलेली असते.

१५. जो ड्रायव्हर महिनाभर शहाण्यासारखा चालला, त्याचा इन्स्टॉलर एका फोल्डरमध्ये तारीख घालून जपून ठेव – परतीची वाट माहीत असली की प्रयोगाला भीती नसते.

१६. नव्या ड्रायव्हरनंतर दुखणं सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर दोनदा क्लिक करून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बघ. बटण पुसट दिसलं तर मागची आवृत्ती शिल्लक नाही. तेव्हा जपून ठेवलेला इन्स्टॉलर कामाला येतो.

१७. वरचेवर ड्रायव्हर चढवून खाली उरलेल्या तुकड्यांचा संशय असेल, तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे फुकट साधन सेफ मोडमध्ये चालव. त्याआधी हवा तो ड्रायव्हर उतरवून ठेव आणि इंटरनेटची तार काढ – नाहीतर तू रिस्टार्ट करेपर्यंत विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

१८. सेफ मोडमध्ये किंवा बायोसमध्ये शिरण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घे – विंडोज ऐनवेळी तीच मागतं, आणि ती नसली की सगळी डिस्क कुलपात.

१९. सेफ मोडचा आणखी एक उपयोग : तिथे कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर चालत नाही. तिथेही संगणक तसाच कोसळत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागणं सोड. उलट, सेफ मोडमध्ये शांत राहिला म्हणून लगेच ड्रायव्हरला दोषी धरू नकोस – तिथे कार्डावर ओझंच नसतं, मग तापणार कशाने?

२०. तुझं काम रेंडरचं आहे, तर एनव्हिडियाच्या दोन प्रकारांपैकी ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घे – तो सर्जनशील सॉफ्टवेअरवर तपासून दिलेला असतो आणि नव्या खेळांच्या तारखांमागे धावत नाही.

२१. ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पंख्याचा वेग आणि तापमान बघ, हे कधी विसरू नकोस. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण तो पंख्याचा वेग नीट सांभाळत नव्हता आणि कार्डं तापत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या ‘क्रिमसन’मध्ये काही कार्डांचे पंखे कमी वेगावर अडकून बसले आणि लगोलग दुरुस्तीची आवृत्ती काढावी लागली – म्हणून सुरुवातीला म्हटलं, ड्रायव्हर आणि उष्णता एकमेकांच्या आड लपतात.

आता उष्णतेकडे. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे खरा त्रास हाच.

२२. पंखा कितीही फिरवला तरी कार्ड खोलीच्या हवेपेक्षा गार होत नाही. खोली २५ अंशांवर असताना जे कार्ड ७५ ला राहतं, ते खोली ४० ला गेली की त्याच कामाला, त्याच पंख्यावर, ९० च्या आसपास जाणार – म्हणून डिसेंबरात नीट चाललेला संगणक मे महिन्यात पडतो आणि सगळे ड्रायव्हरला शिव्या देतात.

२३. तापमान अंदाजाने सांगू नकोस, मोज. स्वतंत्र कार्डाचं तापमान मे २०२० च्या विंडोज १० पासून टास्क मॅनेजरमध्येच दिसतं. प्रोसेसरसकट सगळं बघायचं तर ‘एचडब्ल्यूइन्फो’ फुकट मिळतं. काम सुरू करून अर्धा तास आकडे बघत बस – पहिल्या पाच मिनिटांचा आकडा खोटा दिलासा देतो.

२४. जड कामात कार्ड ६५ ते ८५ अंशांत असेल तर झोप शांत लागू दे. रोज नव्वदीपार जात असेल तर लक्ष घाल. प्रोसेसरचं वेगळं : इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे, आणि एएमडीचे रायझन ७००० पूर्ण ओझ्याखाली ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत – आकडा वाचताना तो कुणाचा आहे हे आधी बघ.

२५. उष्णताच आहे का, हे ठरवायला एक सोपी कसोटी : दुपारी कॅबिनेटची बाजूची पाटी काढ, टेबल फॅन आत वळव आणि तेच रेंडर लाव. आता पडला नाही तर उष्णता पकडली गेली. मग दुसऱ्या दिवशी पहाटे, पाटी लावून, पंख्याविना तेच रेंडर – गारव्यातही पडला तर ड्रायव्हरकडे परत जा. पाटी काढून कायमचा मात्र वापरू नकोस – धूळ, पाली आणि झुरळं आमंत्रणाची वाट बघत नाहीत.

२६. टेबलाखालच्या दार असलेल्या प्लायवूडच्या कप्प्यात कॅबिनेट कोंडू नकोस, आणि भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेव – मागून निघालेली गरम हवा तशीच पुन्हा पुढून आत ओढली जाते.

२७. तुझ्या आजीने शिवलेलं झालरीचं कव्हर बंद संगणकावरच घालायचं. चालू असताना नाही, आणि बंद केल्या केल्याही नाही. आजी रागावली तर माझं नाव सांग.

२८. कॅबिनेट देव्हाऱ्याजवळ किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असेल तर हलव – उदबत्तीची काजळी आणि फोडणीचा तेलकट वाफारा धुळीला चिकटपणा देतात, आणि मग ती फुंकरीने सुटत नाही.

२९. विदर्भातल्या कूलरसमोर थेट संगणक ठेवायचा नाही. खोली गार झाली तर चांगलंच, पण ओल्या हवेचा झोत आणि पाण्यातले क्षार बोर्डावर नकोत. झोत बाजूने जाऊ दे आणि खिडकी उघडी ठेव – खिडकी बंद असली की दमट हवा खोलीतच कोंडते. तुझ्या मालवणच्या मित्राला सांग, खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, त्याने खिडकीजवळची जागा टाळावी.

३०. धूळ उन्हाळा सुरू होण्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा काढ. धूळ भाडं देत नाही आणि घर मात्र खाते.

३१. साफ करताना वायर भिंतीतून काढ, बटण दोन-चार वेळा दाब, कॅबिनेट गच्चीत ने, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव – हवेच्या जोराने पंखा गरगर फिरला की बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लिनर आत घालू नकोस, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

३२. कार्ड तीन-चार वर्षांचं झालं, पंखे साफ आहेत, तरी तापमान चढतंच, तर थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. प्रोसेसरवरची पेस्ट तू बदलू शकतोस : आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पूस आणि नवी तुरीच्या दाण्याएवढी लाव – जास्त लावल्याने जास्त गार होत नाही. कार्ड उघडायचं काम मात्र जाणकाराकडून करून घे – आतले थर्मल पॅड ठराविक जाडीचे असतात, आणि कार्ड वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारावं लागतं.

३३. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर, मांडीवरच्या उशीवर नको; मागची बाजू दोन बोटं उचलून कडक फळीवर ठेव – हवा खालून आत जाते, आणि गोधडी ते तोंडच बंद करते. टचपॅड वर आलेला दिसला किंवा खालची बाजू फुगली तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी चार्जर काढ, बंद कर, आणि टोचून वगैरे बघू नकोस – ती पेट घेऊ शकते.

३४. फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाएवढाच बांधून ठेव – ६० हर्ट्झच्या मॉनिटरला सेकंदाला ३०० चित्रं काढून कार्ड नुसतं तापतं. २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चाचणी आवृत्तीत मेनूच्या पानावरच काही आरटीएक्स ३०९० कार्डं गेली. त्या कार्डांतही जोडणीचा दोष निघाला, पण खेळाच्या कर्त्यांनी मेनूतला वेग बांधून टाकला.

३५. ओव्हरक्लॉक केलं असशील तर, बाळा, ते आधी काढ, आणि उन्हाळ्यात कार्डाची पॉवर लिमिट ८०-८५ टक्क्यांवर आण – वेग थोडासाच कमी होतो, उष्णता त्यामानाने बरीच उतरते.

विजेचं थोडक्यात.

३६. कार्डाला दोन ८ पिनांचे सॉकेट असतील तर पॉवर सप्लायमधून दोन वेगळ्या केबल आण, एकाच केबलची दोन तोंडं नकोत – एका ८ पिनेचा हिशेब १५० वॉटचा असतो, स्लॉटमधून ७५ मिळतात, आणि जोराच्या कामात हिशेबाबाहेर मागणी झाली की संगणक तडक बंद. प्लग पूर्ण आत बसल्याची खात्री कर. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे काही कनेक्टर वितळले, तेव्हा अर्धवट बसलेला प्लग हे एक कारण पुढे आलं.

३७. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो – रेंडर चालू असताना दिवे मिणमिणले की तो हात वर करतो, आणि तू ड्रायव्हर बदलत बसतोस. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घे, आजच.

एवढं करूनही थांबलं नाही, तर सोंग घेऊन आलेला तिसराच कुणी असेल.

३८. रॅम रात्रभर ‘मेमटेस्ट’वर तपास – बिघडलेली रॅम दर वेळी वेगळ्याच फाइलच्या नावाने पाटी दाखवते, आणि कधी ते नाव ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं असतं.

३९. इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा वरच्या दर्जाचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर बोर्डाचा बायोस आधी अद्ययावत कर. त्यांतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते आणि खेळ सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येत होता – लोक कार्डं बदलत राहिले, दोष प्रोसेसरचा होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली.

४०. जुनं कार्ड स्वस्तात घेतलं असशील तर ते कुठे राबलं ते विचार. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग संपलं आणि राबून आलेली पुष्कळ कार्डं बाजारात उतरली – ती सगळी वाईट नसतात, पण पंखे आणि थर्मल पॅड आधी बघून घ्यावे लागतात.

४१. शेवटची तपासणी म्हणून कार्ड मित्राच्या संगणकात लाव. तिथेही तसंच पडलं तर कार्ड गेलं. तिथे नीट चाललं तर तुझा पॉवर सप्लाय आणि बोर्ड दाखव. विंडोज पुसून नव्याने टाकणं याच्या नंतर – ते सगळ्यात जास्त वेळ खातं आणि उष्णतेवर त्याचा काही उपयोग नाही.

४२. कार्ड वॉरंटीत द्यायचं ठरलं तर बिल शोध, आणि अमेरिकेहून मामाने आणलेलं असेल तर इथे वॉरंटी चालते का ते आधी विचार. कार्डावरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेव, आणि तो क्रमांक लिहिलेली पोचपावती हातात आल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस.